नवं कार्ड, जुने तीन मॉनिटर : कुठली केबल कुठे लावायची

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे ज्यांची अडचण अशीच आहे त्यांनाही पुढचं समजेल. तुमचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम, आणि मुलगा लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ करतो. या दोन्ही कामांसाठी नवा पीसी जोडून घेतला : कोअर आय५ १२४००एफ प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. कार्डाच्या मागे केबल लावायच्या चार जागा, म्हणजे पोर्ट : तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय. मॉनिटर मात्र जुनेच. एक १९ इंची, चौकोनी, १२८० बाय १०२४ ठिपक्यांचा, त्याला फक्त निळी व्हीजीए. दुसरा २२ इंची, १६८० बाय १०५० चा, त्याला व्हीजीए आणि पांढरी डीव्हीआय. तिसरा साडेएकवीस इंची फुल एचडी, त्याला व्हीजीए आणि एचडीएमआय. तिसरा लगेच लागला, बाकी दोघांवर ‘नो सिग्नल’. मग तुम्ही एचडीएमआयचं डीव्हीआय करणारा तुकडा आणला, त्यात जुन्या कार्डाबरोबर आलेली डीव्हीआय ते व्हीजीए पिन खोचली आणि पुढे व्हीजीए केबल लावली. सगळं घट्ट बसलं, पण डिस्प्ले आला नाही. मदरबोर्डच्या मागच्या व्हीजीए पोर्टलाही लावून पाहिलं, तिथेही काळोख. आता दुकानदार सांगतोय की एचडीएमआय स्प्लिटर घ्या, नाहीतर मॉनिटर बदला.

मॉनिटर बदलू नका. तिन्ही चालतील, एकाच वेळी चालतील आणि तिन्हींवर वेगवेगळं काम उघडता येईल. त्यासाठी दोनच वस्तू विकत घ्यायच्या आहेत : एक डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए कन्व्हर्टर आणि एक डिस्प्लेपोर्ट ते डीव्हीआय केबल. स्प्लिटर घ्यायचा नाही. मी गेली चोवीस वर्षं सांगलीत असेंब्ली आणि दुरुस्तीचं काम करतोय, आणि असे धडधाकट मॉनिटर केवळ पिन जुळली नाही म्हणून भंगारात गेलेले बघितले की मनापासून वाईट वाटतं. म्हणून जरा लांबण लावून सांगतो.

सगळा घोटाळा एका समजुतीतून होतो : पिन बसली म्हणजे सिग्नल गेला. पिनेचा आकार ही एक गोष्ट आणि तिच्यातून काय वाहतं ही दुसरी. व्हीजीए आयबीएमने १९८७ मध्ये आणलं, काचेच्या ट्यूबच्या मॉनिटरसाठी. त्यात लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांच्या तीन तारा, आणि प्रत्येक तारेत शून्य ते ०.७ व्होल्ट असा चढउतार. व्होल्टेज जास्त तर रंग उजळ, कमी तर गडद. हा अ‍ॅनालॉग सिग्नल. १९९९ मध्ये आलेलं डीव्हीआय आणि त्यानंतरचं एचडीएमआय हे डिजिटल, म्हणजे आकडेच जातात. चित्राच्या बाबतीत या दोघांची भाषा एकच आहे, नुसता डबा वेगळा. डिस्प्लेपोर्टही डिजिटल, पण त्याची बोली निराळी. तो माहिती पाकिटं करून पाठवतो.

आता तुमची ती जुनी डीव्हीआय ते व्हीजीए पिन हातात घ्या. तिच्या एका टोकाला एक चपटी आडवी पट्टी दिसेल आणि त्या पट्टीच्या वर-खाली मिळून चार सुट्या पिना. त्या चार पिना आणि पट्टी म्हणजे व्हीजीएचाच अ‍ॅनालॉग सिग्नल. जुन्या कार्डांच्या डीव्हीआय पोर्टमध्ये दोन्ही सिग्नल शेजारी शेजारी असायचे, आणि तुमची पिन त्यातला अ‍ॅनालॉग तेवढा उचलून निळ्या पोर्टात आणायची. तिच्यात कसलीही चिप नाही, नुसत्या तारा आहेत. ती काही बदलत नव्हती. जे कार्डाकडून येत होतं ते पुढे देत होती.

एचडीएमआयमधून अ‍ॅनालॉग येतच नाही. तुम्ही आणलेल्या तुकड्याच्या डीव्हीआय बाजूला त्या चार पिनांसाठी भोकं आहेत, म्हणून तुमची जुनी पिन त्यात बसली. पण त्या भोकांच्या मागे तारच नाही. असे तुकडे बनवणारे एकच साचा सगळीकडे वापरतात, त्यामुळे डोळ्यांची फसगत होते. यात तुमची चूक नाही आणि तुकडाही खराब नाही. तो नीट जपून ठेवा, पुढेमागे डीव्हीआय मॉनिटरला लागेल.

जुन्या कार्डात आकड्यांचं व्होल्टेज करणारा भाग कार्डावरच असायचा. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी आणि काही मोठ्या लॅपटॉप-मॉनिटर कंपन्यांनी मिळून जाहीर केलं होतं की २०१५ पर्यंत व्हीजीएला निरोप द्यायचा. पुढे घडलंही साधारण तसंच. एएमडीने २०१३ च्या आर९ २९० पासून, आणि एनव्हीडियाने २०१६ च्या जीटीएक्स १० मालिकेपासून वरच्या कार्डांतला अ‍ॅनालॉग भाग काढून टाकला. त्यानंतरच्या कार्डावर डीव्हीआय पोर्ट दिसला तरी त्याला त्या चार पिनांची भोकं नसतात. म्हणून नव्या कार्डावर व्हीजीए मॉनिटर चालवायचा तर व्होल्टेज तयार करण्याचं काम बाहेरच्या कुणीतरी, म्हणजे चिप असलेल्या कन्व्हर्टरने करायला हवं. साध्या पिनेने ते कधीच होणार नाही.

मदरबोर्डवरचा व्हीजीए पोर्ट का गप्प आहे, याचं उत्तर तुमच्या प्रोसेसरच्या नावातल्या शेवटच्या अक्षरात आहे. १२४००एफ मधला ‘एफ’ म्हणजे या प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स नाही. बोर्डाचे पोर्ट प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालतात. ते नसेल तर त्या पोर्टांना दाखवायला काहीच नाही. बोर्ड बिघडलेला नाही. ज्यांच्याकडे बिनएफचा प्रोसेसर आहे, म्हणजे साधा १२४०० वगैरे, त्यांनी मात्र कन्व्हर्टर घेण्याआधी हा मार्ग नक्की करून बघावा. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या मेनूत, ‘इंटर्नल ग्राफिक्स’ किंवा ‘आयजीडी मल्टी-मॉनिटर’ अशा नावाची सेटिंग असते, ती चालू करायची. कार्ड लावल्यावर ती आपोआप बंद होते म्हणून पोर्ट मेल्यासारखा वाटतो. चालू केली की व्हीजीए मॉनिटर थेट बोर्डाला लागतो, कार्डाचे पोर्ट मोकळे राहतात आणि खर्च शून्य. एएमडीच्या प्रोसेसरमध्ये रायझन ५ ५६०० ला आतलं ग्राफिक्स नाही, ५६००जी ला आहे.

स्प्लिटरबद्दल एवढंच सांगतो की तो एका चित्राच्या प्रती काढतो. दुकानात चार टीव्हीवर एकच जाहिरात दाखवायची असेल तर तो उपयोगी. तुम्हाला एका स्क्रीनवर पान, दुसरीवर मजकूर आणि तिसरीवर फोटो हवेत. स्प्लिटरला लावलेल्या तिन्ही स्क्रीनवर एकच पान दिसेल.

आता वाटणी. फुल एचडी मॉनिटर एचडीएमआयला एचडीएमआय, सरळ केबलने. तो आत्ता चालतोच आहे, त्याला हात लावू नका. २२ इंची मॉनिटर पहिल्या डिस्प्लेपोर्टला, डिस्प्लेपोर्ट ते डीव्हीआय केबलने. १९ इंची दुसऱ्या डिस्प्लेपोर्टला, डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए कन्व्हर्टरने, आणि पुढे तुमची नेहमीची व्हीजीए केबल. २२ इंचीला व्हीजीएही आहे म्हणून दोन सारखेच कन्व्हर्टर घ्यावेत असं वाटेल, पण डीव्हीआय असताना त्याला व्हीजीएने चालवू नका. एलसीडी मुळात आकड्यांवर चालते. व्हीजीएने नेलं तर कार्डाकडचे आकडे व्होल्टेज होणार आणि मॉनिटर ते पुन्हा मोजून आकडे करणार. या जा-ये मध्ये अक्षरांची धार जाते.

डिस्प्लेपोर्ट ते डीव्हीआय केबल स्वस्त असते, आणि ती चालते याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. अशी केबल लागली की डिस्प्लेपोर्टच्या १३ नंबरच्या पिनेवरून कार्डाला कळतं की पलीकडे डिस्प्लेपोर्ट नाही. मग कार्ड स्वतःच आपली बोली सोडून डीव्हीआयची बोली बोलू लागतं. केबलमधला छोटा भाग फक्त व्होल्टेजची पातळी जुळवतो. ज्या पोर्टला हे जमतं त्याला ‘ड्युअल मोड’ म्हणतात. त्याच्या खुणेवर कधी कधी डी-पी च्या पुढे दोन अधिकची चिन्हं असतात. तुमच्या कार्डाच्या पोर्टांना हे जमतं. म्हणून इथे महागडं ‘अ‍ॅक्टिव्ह’ (म्हणजे आतल्या चिपने बोली बदलणारं) काही घ्यायची गरज नाही. या साध्या जोडीची मर्यादा पहिल्या पिढीच्या केबलींना १६५ मेगाहर्ट्झची, म्हणजे १९२० बाय १२०० पर्यंत ६० हर्ट्झने (सेकंदाला ६० वेळा चित्र). तुमचा २२ इंची त्यात आरामात बसतो. ज्यांच्याकडे जुने ३० इंची, २५६० बाय १६०० चे डीव्हीआय मॉनिटर आहेत त्यांना मात्र ड्युअल-लिंक अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टरच लागेल, आणि तो महाग पडतो.

व्हीजीएसाठी मी डिस्प्लेपोर्टवरून जायला सांगतोय, एचडीएमआय ते व्हीजीएवरून नाही. बाजारात एचडीएमआयवाले कन्व्हर्टर जास्त मिळतात, त्यामुळे दुकानदार तोच पुढे करेल. फरक विजेचा आहे. कन्व्हर्टरमधल्या चिपला वीज पोर्टातूनच घ्यावी लागते. एचडीएमआय पोर्टाने ५ व्होल्टवर किमान ५५ मिलीअँपिअर द्यायचे असतात, त्याहून जास्तीची हमी नाही. डिस्प्लेपोर्टच्या २० नंबरच्या पिनेवर ३.३ व्होल्टला ५०० मिलीअँपिअरपर्यंत मिळतात. माझ्याकडे एचडीएमआयवाले कन्व्हर्टर परत येतात ते बहुतेक एकाच तक्रारीने : तासभर नीट चालतं, मग स्क्रीन क्षणभर काळी होते आणि परत येते, आणि हात लावला तर कन्व्हर्टर चटका बसेल इतका गरम. काहींना बाजूला छोटा यूएसबी पोर्ट असतो, तिथून वेगळी वीज देता येते. एचडीएमआयचाच घेणं भाग असेल तर तसा बघून घ्या.

दुकानात गेल्यावर दिशा नीट सांगा. ‘डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए’ आणि ‘व्हीजीए ते डिस्प्लेपोर्ट’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि ‘व्हीजीए ते एचडीएमआय’ ही तिसरी. ती जुना पीसी नव्या टीव्हीला लावायला असते. ही सगळी एकेरी वाट आहे, उलटी लावून चालत नाही. तुम्हाला हवी ती वस्तू अशी : कॉम्प्युटरच्या बाजूला डिस्प्लेपोर्टची नर पिन, मॉनिटरच्या बाजूला व्हीजीएची मादी, म्हणजे भोकांची. चांगला कन्व्हर्टर हजार रुपयांच्या आत मिळतो. त्यावर १९२० बाय १२०० किंवा निदान १९२० बाय १०८० लिहिलेलं असावं. शक्य तर वीतभर वायर असलेला घ्या. नुसता ठोकळा पोर्टात खोचला की जाड व्हीजीए केबलचं सगळं वजन कार्डाच्या पोर्टावर लटकतं.

आणि डिस्प्लेपोर्टच्या पिनेला बहुधा कुलूप असतं. प्लास्टिकच्या अंगावर एक दाबायची कळ असते, ती दाबूनच पिन ओढायची. एचडीएमआयच्या सवयीने जोरात खेचलेले आणि त्यामुळे पत्रा वाकलेले पोर्ट मी बरेच बघितले आहेत.

व्हीजीए केबल जुनीच चालेल, पण एकदा तपासा. दोन्ही टोकं उजेडात धरा. पाच-पाच पिनांच्या तीन ओळी असतात. मधल्या ओळीतली ९ नंबरची पिन नसली तर घाबरू नका, पुष्कळ केबलींत ती मुद्दामच नसते. अरुंद बाजूच्या ओळीतल्या १२ आणि १५ नंबरच्या पिना मात्र हव्यातच. त्यांवरून मॉनिटर कार्डाला आपली ओळख सांगतो : मी कोण, माझं रिझोल्यूशन, म्हणजे ठिपके, किती, किती हर्ट्झ चालतात. ही माहिती अवघी १२८ बाइटची, पण ती पोचली नाही की विंडोज अंदाजाने १०२४ बाय ७६८ देतं आणि अक्षरं जाड, पसरट दिसतात. एका छापखान्यात मी लागोपाठ दोन कन्व्हर्टर बदलले, तिसरा उघडणार तेवढ्यात केबलचं टोक फिरवून पाहिलं, तर १५ नंबरची पिन वाकून आडवी झाली होती. बारीक चिमट्याने सरळ केली आणि पहिलाच कन्व्हर्टर नीट चालला. तेव्हापासून मी पहिल्यांदा केबलच बघतो.

आता ज्यासाठी हे सगळं वाचायला लावतोय तो मुद्दा : अर्थिंग. कॅबिनेटला किंवा मॉनिटरच्या मागच्या पत्र्याला उलटा हात लावला आणि बारीक मुंग्या आल्या, तर त्या स्विचबोर्डाला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून अर्थकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थ जोडलेला असेल तर त्यातला किंचित करंट जमिनीत जातो. नसेल तर सगळा पत्रा मेनच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट फार थोडा असल्यामुळे माणसाला नुसत्या मुंग्या येतात, पण चालू मशीनमध्ये पिन लावताना दोन पत्र्यांमधला हा फरक जर सिग्नलच्या पिनेवर उतरला तर पोर्ट जातो. एका क्लासमध्ये माझ्या डोळ्यांसमोर हे झालं. पीसी एका भिंतीच्या बोर्डावर, मॉनिटर दुसऱ्या बोर्डावर, तोही तीन पिनेची दोन पिन करून लावलेला. मुलाने चालू मशीनला एचडीएमआय लावली, पिनेपाशी ठिणगी दिसली आणि कार्डाचा तो पोर्ट कायमचा गेला.

तुमच्याकडे आता तीन मॉनिटर, म्हणजे धोकाही तिप्पट. पीसी आणि तिन्ही मॉनिटर एकाच भिंतीच्या सॉकेटवरून घ्या, तीन पिनांच्या चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डावर. वायरमनला बोलावून त्या सॉकेटला अर्थ खरोखर आहे का ते दिवा लावून तपासून घ्या : फेज आणि अर्थमध्ये बल्ब पूर्ण पेटला पाहिजे. हे काम त्यालाच करू द्या. आणि सगळ्या केबली मशीन बंद करून, प्लग काढूनच लावा. कार्डाच्या किमतीपुढे हा तासाभराचा खर्च काहीच नाही.

यूपीएसचाही विचार करा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. हे कार्ड एकटंच भर कामात १७० वॉटपर्यंत घेतं, प्रोसेसर वेगळा. त्यावर तीन मॉनिटर टाकले, त्यातले दोन जुने, काचेमागे ट्यूबचा दिवा असलेले, तर वीज गेल्याक्षणी यूपीएसही बसेल. पीसी आणि फुल एचडी मॉनिटर यूपीएसवर, बाकी दोन त्याच सॉकेटवरून पण यूपीएसशिवाय. लाइट गेली तर एका स्क्रीनवर फाइल सेव्ह करता आली, एवढं पुरे.

पहिल्यांदा सुरू करताना फक्त एचडीएमआयचा मॉनिटर लावा. एनव्हीडियाच्या साइटवरून ताजा ड्रायव्हर टाका, मशीन बंद करून चालू करा. मग बंद करून डीव्हीआयचा लावा, चालू करून बघा. मग बंद करून व्हीजीएचा. एकेक करून लावलं की कुठे अडतंय ते तिथल्या तिथे कळतं. सुरुवातीचा बायोसचा स्क्रीन तिन्हींवर दिसणार नाही, एकावरच दिसेल, त्यात बिघाड काही नाही.

विंडोजमध्ये डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज. तीन चौकोन दिसतील. ‘आयडेंटिफाय’ दाबलं की प्रत्येक स्क्रीनवर तिचा आकडा येतो. टेबलावर ज्या क्रमाने मॉनिटर ठेवलेत त्याच क्रमाने चौकोन ओढून लावा, उंचीसुद्धा जुळवा, नाहीतर माउस एका स्क्रीनवरून दुसरीकडे जाताना कडेला अडकतो. खाली ‘एक्स्टेंड’ निवडा. प्रत्येकाचं रिझोल्यूशन त्याचं स्वतःचं ठेवा : १२८० बाय १०२४, १६८० बाय १०५०, १९२० बाय १०८०. फुल एचडीवर काळा रंग राखाडी, धुरकट वाटला तर एनव्हीडिया कंट्रोल पॅनलमध्ये ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ ‘लिमिटेड’वर आहे का बघा आणि ‘फुल’ करा. एचडीएमआयवरच्या मॉनिटरला कार्ड कधी कधी टीव्ही समजतं, म्हणून असं होतं.

१९ इंची चौकोनी मॉनिटरसाठी माझी एक आग्रहाची सूचना आहे. तो उभा करा. त्याची काच साधारण ३७७ मिलीमीटर रुंद आणि ३०१ मिलीमीटर उंच आहे. ए-फोर पान २१० बाय २९७. आडव्या स्क्रीनवर मेनू आणि टास्कबार गेल्यावर पान खऱ्या आकारात पूर्ण मावत नाही. उभी केली की ३०१ रुंदी आणि ३७७ उंची मिळते : संपूर्ण ए-फोर पान खऱ्या मापात बसतं आणि बाजूला पॅलेटला जागा उरते. पत्रिका आणि हँडबिल लावणाऱ्याला यासारखी सोय नाही. नव्या रुंद मॉनिटरमध्ये हे प्रमाणच मिळत नाही. मागे १०० मिलीमीटर अंतरावर चार स्क्रूची भोकं असतील तर फिरणारा स्टँड लागेल. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये त्या स्क्रीनला ‘पोर्ट्रेट’ निवडायचं. एक मर्यादा आहे : या जुन्या काचा उभ्या केल्या की डाव्या आणि उजव्या बाजूने रंग जरा वेगळा दिसतो. त्यामुळे तिथे मजकूर आणि मांडणी बघा, फोटोचा रंग कधीही ठरवू नका.

आणि व्हीजीए मॉनिटर लावल्यावर त्याचं ‘ऑटो’ बटण दाबल्याशिवाय कामाला बसू नका. आधी पांढऱ्या पानावर मराठी मजकूर भरून तो पूर्ण स्क्रीनवर पसरवा, दहा-बारा पॉइंटचा, आणि मग ऑटो दाबा. काळ्या डेस्कटॉपवर दाबलं तर मॉनिटरला चित्राच्या कडा सापडत नाहीत आणि तो चुकीचा बसतो. मग डोळे जवळ नेऊन शिरोरेखा बघा. शिरोरेखा एकसंध आणि स्थिर असेल, उभे काने तिच्यातून सरळ खाली उतरत असतील, तर जमलं. काने दुहेरी दिसत असतील, रफार आणि अनुस्वार थरथरत असतील, तर मॉनिटरच्या मेनूत ‘फेज’ आहे तो एकेक आकड्याने पुढे-मागे करा. एका जागी येऊन थरथर थांबते. अक्षरांच्या उजव्या बाजूला फिकट सावली पडत असेल तर ते फेजचं काम नाही, केबल लांब किंवा हलकी आहे. दीड मीटरची, दोन्ही टोकांना फेराइटची गाठ (केबलवरचा जाड गोळा) असलेली घ्या. इंग्रजी मजकुरावर हे दोष पटकन दिसत नाहीत; आपल्या अक्षरांची सलग आडवी रेघ आणि बारीक मात्रा-वेलांट्या ते उघडे पाडतात. म्हणून मी गिऱ्हाइकाचं मशीन देताना नेहमी मराठी पान उघडूनच तपासतो.

मुलाच्या अल्बमचे रंग एचडीएमआयवाल्या फुल एचडीवरच ठरू द्या, आणि तोच ‘मेन डिस्प्ले’ करा. तिन्ही मॉनिटर शेजारी ठेवून एकाच फोटोचा रंग जुळवण्यात वेळ घालवू नका; वेगवेगळ्या वयाच्या काचा आणि दिवे आहेत, ते पूर्ण जुळणार नाहीत. अक्षरांचा आकारही स्क्रीनगणिक थोडा बदलेल. १९ इंचीवर इंचाला ८६ ठिपके बसतात, २२ इंचीवर ९०, फुल एचडीवर १०२. व्हीजीएच्या स्क्रीनवर एखादा सिनेमा किंवा मालिका लावली आणि चौकट काळी दिसली तर तेही समजून घ्या : सशुल्क व्हिडिओंना जे कॉपी-संरक्षण लागतं ते अ‍ॅनालॉगवरून जात नाही.

एवढं करूनही १९ इंची काळाच राहिला, तर कन्व्हर्टरला दोष देण्याआधी एक परीक्षा करा. खोलीत अंधार करा, मॉनिटर चालू ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनला टेकवून तिरपा उजेड टाका. आत पुसट आयकॉन दिसले तर सिग्नल व्यवस्थित पोचतोय, मागचा दिवा किंवा त्याची वीज गेली आहे. या वयाच्या मॉनिटरमध्ये पॉवर बोर्डावरचे कपॅसिटर फुगतात. लक्षण ठरलेलं : चालू केल्यावर दोन सेकंद चित्र येतं आणि जातं. काही रुपयांचे दोन-चार कपॅसिटर बदलले की पुष्कळदा तो पुन्हा उभा राहतो. फक्त घरी उघडू नका, आतले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही विजेने भरलेले असतात.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. जुन्या एएमडी कार्डांवर, २००९ च्या एचडी ५००० मालिकेपासून पुढच्या काही पिढ्यांत, व्हीजीए-डीव्हीआय-एचडीएमआय मिळून एका वेळी दोनच स्क्रीन चालतात. तिसरी डिस्प्लेपोर्टवरूनच हवी, आणि तिथे साधी केबल चालत नाही, अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टरच लागतो. आणि कार्ड घेण्याआधी मागचे पोर्ट मोजा. आरएक्स ६४०० सारख्या कार्डाला दोनच आहेत, तिसरा मॉनिटर कुठे लावायचा हा प्रश्न घरी आणल्यावर पडतो.

ताई, तुमच्या कार्डावर चार स्क्रीन चालतात, त्यामुळे तिसरा डिस्प्लेपोर्ट मोकळाच राहील. त्याच्यावरचं रबरी टोपण काढू नका, धूळ जाणार नाही. मॉनिटर पुढे कधी घ्याल तेव्हा डिस्प्लेपोर्ट असलेला घ्या आणि सरळ केबलने तिथे लावा.